पश्चिमेच्या भिंतीचे पत्रे

नाचणगावातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत चोवीस फूट रुंद आहे. आठ फुटांपर्यंत ती सरळ चढते आणि वर तिचा त्रिकोण होतो. त्रिकोणाची उंची पाच फूट, म्हणजे छपराची प्रत्येक उतरती बाजू बरोबर तेरा फूट. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे पाच, बारा, तेरा हे माप ज्या भिंतीत आपोआप जमून आले ती भिंत मला पहिल्यापासून आवडायची. बांधणाऱ्याने तसा विचार केला नसणार.

भिंत मातीची आहे. तिच्या पलीकडे घर नाही, झाड नाही, सरळ शेत. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड लागली की पाणी आडवे येऊन भिंतीवर आपटायचे. म्हणून आमच्याकडे सगळेच करतात तसे आम्हीही दरवर्षी तुराट्यांची ताटी बांधून ती भिंत झाकायचो. तुरीची वाळलेली झाडे सारखी करायची, सुतळीने आवळायची, बांबूच्या चौकटीला बांधायची आणि भिंतीला टेकवून उभी करायची. एक पावसाळा निघायचा. दिवाळीपर्यंत उधई, म्हणजे वाळवी, ताटीला लागलेली असायची आणि पुढच्या वैशाखात पुन्हा तेच काम. १९८० च्या पावसाळ्यात ताटी वाऱ्याने फिरली आणि भिंतीचा हातभर पोपडा खाली आला. तेव्हा मी ठरवले की पुढच्या वर्षी सपाट सिमेंटचे पत्रे ठोकून भिंत एकदाची झाकून टाकायची.

हे काम मी ज्यांना सांगितले ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे सुतार. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, मीही. माझ्यापेक्षा ते बारा वर्षांनी मोठे. आमच्या घराची दारे, माझ्या शाळेतली बाके, गावातल्या अर्ध्या बैलगाड्यांच्या धुऱ्या त्यांच्या हातच्या. अंगाने बारीक, बोलणे हळू. हिवाळ्यात दोन महिने त्यांचा खोकला गल्लीत ऐकू यायचा. होळी झाली की तो थांबायचा. हे सगळ्यांना माहीत होते, मलाही होते. ते मी इथे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मला ते माहीत नव्हते असे म्हणायची सोय राहू नये.

पत्रे आले मे महिन्याच्या शेवटी. आठ फूट बाय चार फुटांचे अकरा, त्यातला एक फुटतुटीसाठी जादा. त्रिकोणाचे दोन तिरके काप मिळून सव्वीस फूट, दोन खिडक्यांच्या कडा मिळून अठ्ठावीस फूट आणि जोत्याचा उतार सांभाळण्यासाठी खालच्या बाजूचा काप वीस फूट. एकूण चौऱ्याहत्तर फूट कापणे होते.

कशाने कापायचे, याचा शोध मी माझ्या पद्धतीने घेतला. पुलगावहून येताना वाटेत जो भेटेल त्याला विचारले. एक जण म्हणाला, लाकडाची करवत चालते. मिस्त्रींकडे गोष्ट काढली तर त्यांनी करवत माझ्यापासून लांब ठेवली.

"ह्या करवतीनं एक फूट पत्रा कापला का तिचे दात जातेत, गुरुजी. मंग तुमाले तिच्यानं भाकरीबी कापता येनार नाई."

लोखंड कापायची करवत घेऊन मी स्वतः एका तुकड्यावर करून पाहिले. पाते पाचव्या फुटाला गुळगुळीत झाले आणि कडा उंदराने कुरतडल्यासारखी आली. तेव्हा मिस्त्रींनी पिशवीतून त्यांचे हत्यार काढले. मोडलेली कानस तापवून तिचे टोक लोहाराकडून पोपटाच्या चोचीसारखे वळवून घेतलेले, आणि तिला बाभळीची मूठ. त्याला ते आकडी म्हणत. एकदा पुलगावात कुणाच्या गोदामाचे पत्रे बसवताना त्यांनी ती स्वतःच्या डोक्याने बनवली होती.

त्यांनी पत्रा दोन बाजांवर आडवा ठेवला. कापायच्या जागी ओले फडके फिरवले. लाकडी पट्टी लावली आणि आकडी स्वतःकडे ओढली. एकदा, दोनदा, बारा वेळा. प्रत्येक वेळी ओल्या पिठासारखी राखाडी वळी निघायची आणि ते ती फडक्याने टिपून घ्यायचे. पत्रा उलटवून मागच्या बाजूने सहा वेळा ओढले. मग काप बाजेच्या कडेवर आणला, तळहाताने दाबला आणि पत्रा सरळ रेषेत मोडला. पापड मोडल्याएवढाच आवाज झाला.

"पत्रा कापाचा नसते गुरुजी, मोडाचा असते," ते म्हणाले. "फक्त कुठून मोडाचा, थे त्याले आंधी सांगा लागते."

मी मनगटावरच्या घड्याळात पाहत होतो. चार फुटांच्या कापाला सोळा मिनिटे. फुटाला चार.

पुलगावात एक वेल्डिंगवाला होता, त्याच्याकडे हातात धरायचे विजेचे मशीन होते. दगडी चकती फिरते आणि लोखंडसुद्धा कापते. मी पत्र्याचा एक तुकडा सायकलला बांधून तिकडे नेला आणि कापून दाखव म्हटले. एक फुटाला बारा सेकंद लागले. काप असा की हात फिरवावा. धूळ उडाली, ती मला दिसली. मी दोन पावले मागे सरलो आणि सेकंद मोजत राहिलो.

त्या संध्याकाळी मी वहीत तक्ता केला. पहिल्या रकान्यात हत्यार, दुसऱ्यात फुटाला लागणारा वेळ, तिसऱ्यात फुटण्याची भीती, चौथ्यात कडेची सफाई. आकडीने चौऱ्याहत्तर फुटांना चार तास छप्पन्न मिनिटे. मशीनने चौदा मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद. वाचणारा वेळ चार तास, एकेचाळीस मिनिटे, बारा सेकंद. धुळीसाठी मी रकाना आखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले तेव्हा मी तो तक्ता त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"मशीन मी पाह्यली हाय," ते म्हणाले. "थे पत्रा कापत नाई, पत्र्याचं पीठ करते. अन् थे पीठ जाईन कुठी? माह्याच नाकात."

"तोंडाले ओला दुपट्टा बांधजा."

"माह्यी छाती कच्ची हाय, गुरुजी. तुमाले मालूम हाय. पाच घंट्याचं तर काम हाय. आज अर्धं करतो, उद्या अर्धं."

"अन् तेवढ्यात पानी आलं तं?"

"आभाय तं पाहा जरा."

आभाळ कोरडे होते. माझी बायको दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अवो, त्यायच्या हिशोबानं होऊ द्या ना. कुठी गाडी पकडाची हाय तुमाले?"

ती बरोबर बोलत होती. पण शेजारचे दोघे जण पत्रे पाहायला येऊन उभे होते आणि माझ्या हातात तो तक्ता होता. मी जे बोललो ते मला शब्दाला शब्द आठवते.

"मिस्त्री, तुमी मशीनले भेता, का घड्याळाले?"

शेजारी हसले. त्यातला एक म्हणाला, "मिस्त्री आता बुढा झाला, गुरुजी. त्याले बाजीवर बसू द्या, मशीन मी चालवतो."

मिस्त्रींनी आकडी फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"आना मंग तुमची मशीन," ते म्हणाले. "पाहून घेऊ."

मशीन मी दुपारी आणले. त्याची वायर वीस फूट होती. मोकळ्या बाजूला, जिकडे वारा होता, तिकडे ती पोचत नव्हती. म्हणून पत्रे घर आणि गोठा यांच्यामधल्या बोळात घ्यावे लागले. बोळ साडेचार फूट रुंद. मिस्त्रींनी ओला दुपट्टा तोंडाला बांधला, पण तो दहा मिनिटांत वाळला, आणि मशीन हातात असताना तो पुन्हा ओला कोण करणार? मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून फुटांचा आकडा सांगत होतो. मधेच वीज गेली, एकदा चकती बदलली. या अडचणी सोडून निव्वळ कापणे चाळीस मिनिटे चालले, माझ्या हिशेबाच्या जवळजवळ तिप्पट. मिस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. ते अंगणात बसून बराच वेळ खोकत होते. माझ्या बायकोने पाणी दिले.

बोळात बोटभर जाडीचा भुगा पडला होता. मऊ आणि राखाडी. आमच्या घरात काही वाया जाऊ देत नाहीत. बायकोने तो झाडून डब्यात भरला, पितळेची भांडी घासायला बरा म्हणून.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, थो नोका ठेवू. फेकून द्या."

आम्ही फेकला नाही. चारपाच महिने त्याच भुग्याने भांडी घासली. बायको आज धडधाकट आहे, पण तिला साधा पडशाचा खोकला आला तरी मी कान देऊन ऐकतो. का ऐकतो, ते तिला सांगितलेले नाही.

पत्रे चार दिवसांत बसले. भिंत खरोखरच सुंदर दिसत होती. त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंचे सांधे एका रेषेत आले होते. पाऊस त्यानंतर अकरा दिवसांनी आला.

इथवरच झाले असते तर चाळीस मिनिटांची धूळ म्हणून मी कदाचित विसरलो असतो. पण शाळा सुरू झाली, आणि काळ-काम-वेगाचा धडा आला. पुस्तकातली उदाहरणे पोरांना कंटाळवाणी वाटतात. हौद भरणारे नळ आमच्या गावात कुणी पाहिले होते? मी फळ्यावर स्वतःचे उदाहरण लिहिले. एक मिस्त्री आकडीने एक फूट पत्रा चार मिनिटांत कापतो, मशीनने बारा सेकंदांत कापतो, तर चौऱ्याहत्तर फुटांना किती वेळ वाचेल? वर्गात हशा पिकला. मिस्त्री कोण हे सगळ्यांना कळले. पोरांनी ते उदाहरण घरी नेले.

गावात तेव्हा पुष्कळ घरांना ताट्या होत्या. आमची भिंत लोक येऊन पाहून गेले. त्याच जूनमध्ये आणि पावसाच्या उघडिपीत मिस्त्रींनी पाच घरांचे पत्रे कापले. पुढच्या उन्हाळ्यात सात घरांचे. प्रत्येक ठिकाणी त्यांना तेच ऐकावे लागले, "गुरुजींच्या घरी मशीननं केलं, मंग आमच्या घरी आकडी काऊन?" काही जण वाचलेल्या वेळाचा आकडाही सांगत. माझा आकडा, सेकंदांसकट. वेल्डिंगवाल्याने एक जुने मशीन मिस्त्रींना वापरायलाच देऊन टाकले. मी त्या घरांची नोंद वहीत ठेवत होतो, कारण मला त्यात समाधान वाटत होते. गावातल्या एका कामाची रीत आपल्यामुळे बदलली, असे मला वाटायचे.

८२ च्या होळीनंतर त्यांचा खोकला थांबला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, खोकला तसाच. पुढच्या जानेवारीत एका सकाळी त्यांची बायको आमच्या दारी आली.

"गुरुजी, तुमी संगं जा ना. थे एकटे नाई जात. डाक्टरसमोर बोलताच येत नाई त्याईले."

आम्ही दोघे पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याला गेलो आणि तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना मिस्त्री दोनदा थांबले. पहिल्यांदा त्यांनी बुटाची नाडी पाहिल्यासारखे केले. त्यांच्या पायात चपला होत्या.

डॉक्टर तरुण होते. घाई नव्हती त्यांना. छाती तपासली, एक्स-रे काढायला पाठवले, तो उजेडावर धरून पाहिला. मग वही पुढे ओढून विचारले, "बाबा, काम काय करता?"

"सुतारकाम."

"धुळीत असता का? गिरणी, जिनिंग, दगडाची खाण, सिमेंट, असं काही?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. एक-दोन क्षणच. मी उजेडावर लावलेल्या एक्स-रेकडे पाहत होतो. माझ्या सदऱ्याच्या खिशात ती वही होती. तिच्यात बारा घरे होती, माझे धरून तेरा, आणि प्रत्येक घरापुढे किती फूट कापले त्याचा आकडा होता.

मिस्त्री म्हणाले, "लाकडाचा भुसा असते, सायेब."

डॉक्टरांनी तसे लिहिले.

मी का बोललो नाही, याची कारणे मी स्वतःला अनेकदा सांगितली आहेत. काही सिद्ध झालेले नव्हते, हे एक. रोगी ते होते, प्रश्न त्यांना होता, हे दुसरे. खरे कारण साधे आहे. मी बोललो असतो तर डॉक्टरांनी विचारले असते, की छाती कच्ची असताना मशीन कुणी धरायला लावले? आणि शेजारच्या बाकावर आमच्या गावची दोन माणसे बसली होती, त्यांची मुले माझ्या वर्गात होती.

परतताना गाडीत मिस्त्री खिडकीशी बसले होते. कागदात गोळ्या होत्या, त्या त्यांनी मांडीवर मोजल्या. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुमी सांगा, कोनती कवा घ्याची." मी पुडीवर वेळा लिहून दिल्या. अक्षर नेहमीसारखेच चांगले आले.

गोळ्यांनी बरे वाटले. बरे वाटले म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा पत्रे कापले. सहा घरे. मी त्यांना अडवले नाही. एकदा रस्त्यात त्यांना मशीन खांद्यावर घेऊन जाताना पाहिले, तेव्हा "दुपट्टा बांधत जा" एवढे म्हणालो. ते हसले आणि पुढे गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते बसले. रंधा मारताना पूर्वी ते एका दमात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. आता चार वेळा हात मारला की थांबून भिंत धरायचे. मी त्यांच्या अंगणातून जाताना मोजायचो. मार्चमध्ये चारचे तीन झाले. मग रंधा भिंतीवरच टांगलेला दिसू लागला.

तेव्हा मी शाळेतून एक दिवसाची रजा काढून एकटा सेवाग्रामला गेलो. बरोबर वही नेली आणि एका कागदावर सगळे नीट उतरवून घेतले. घरे, फूट, अंदाजे तास, बोळाची रुंदी. ते डॉक्टर दुसरीकडे गेले होते. त्यांच्या जागी बाई होत्या. त्यांनी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाचे तंतू असतात, हे मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकले. एवढ्याशा काळात त्याच तंतूंनी हे केले असे आपण म्हणू शकत नाही, असेही त्या म्हणाल्या. छाती आधीची दुखणाईत, त्यावर कुठलीही बारीक धूळ वाईटच. मग त्यांनी जुना कागद पाहिला.

"इथं तर लाकडाचा भुसा लिहिलंय. हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी वही खिशात ठेवली.

"औषधं फार वेगळी दिली नसती," त्या म्हणाल्या. "पण ते काम बंद करा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. त्यानंतर केलं का त्यांनी ते काम?"

"सहा घरं," मी म्हणालो.

पहिल्या बारा घरांची गोष्ट मी इतरांबरोबर वाटून घेऊ शकतो. लोकांनी मागितले, मिस्त्रींनी हो म्हटले, वेल्डिंगवाल्याने मशीन दिले. पण त्या शेवटच्या सहा घरांच्या आधी एक प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर माझ्या खिशात होते. ती सहा घरे माझी आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो. ते अंगणात बाजेवर दोन उशांना टेकून बसले होते. झोपले की दम लागायचा म्हणून ते दिवसरात्र बसूनच असत. मी त्यांना सगळे सांगितले. बाईंनी काय विचारले, मी काय उत्तर दिले, पहिल्या वेळी मी काय सांगायला हवे होते. त्यांनी तक्ता ऐकला होता तसेच हेही शेवटपर्यंत ऐकले.

"थ्या पोट्ट्या डाक्टरनं मले इचारलं होतं," ते थांबत थांबत म्हणाले. "तुमाले नोयतं इचारलं."

"हो. पण मी बोलाले पाह्यजे होतं."

"मंग म्या काऊन नाई सांगतलं, थे तुमी इचारलंच नाई."

मी विचारले.

"तुमी बाजूले बसले होते. म्या म्हटलं, गुरुजी सांगतीन. आकडे त्याईच्यापाशी हायेत. अन् तुमी काईच बोलले नाई, तं म्या म्हटलं, धुळीचं काई नसन. असतं तं गुरुजी चूप बसले असते का?"

ते हे रागाने म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने आतून चहा आणला. बशीत सांडलेला चहा मी रुमालाने पुसला. मिस्त्री पाहत होते. ते म्हणाले, "रुमाल धुवा लागन घरी. वहिनी बोलतीन."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या भिंतीचा एक पत्रा खालच्या कोपऱ्यात फुटला. बैलाचे शिंग लागले. जादा आणलेला अकरावा पत्रा गोठ्यात तसाच पडून होता. मी मिस्त्रींच्या घरी आकडी मागायला गेलो.

"मी येतो," ते म्हणाले.

गल्लीच्या टोकापासून आमच्या घरापर्यंत एकशे दहा पावले आहेत. ती ते तीन विसावे घेऊन चालले. मी बाज अंगणाच्या पश्चिमेला टाकली, वारा त्यांच्याकडून माझ्याकडे जाईल अशी. पत्रा दोन स्टुलांवर ठेवला, ओले फडके फिरवले, पट्टी लावली. आकडीची बाभळीची मूठ त्यांच्या अंगठ्याच्या जागी खोल झिजली होती. माझा अंगठा त्या खळग्यात बसत नव्हता.

पहिल्याच ओढीला आकडी पट्टीवरून घसरली.

"गुरुजी, फळ्यावर तं सरळ रेघ मारता," ते म्हणाले. "पत्र्यावर काऊन नागमोडी जाऊन राह्यले?"

माझी बायको हसली. मीही हसलो. त्यांना हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

"जोर नोका देऊ. तिचं वजनच पुरते. आपल्याकडं ओढा फक्त. पुसा. आता परत."

मी ओढत राहिलो. बारा, पुसणे, उलटवणे, सहा. कोपरा मोडताना काप शेवटच्या दोन बोटांवर वाकडा गेला. मिस्त्रींनी हातानेच खूण केली, चालते म्हणून. फडक्यावर चमचाभर ओला लगदा जमला होता. खाली काही सांडले नव्हते.

"किती झाले?" त्यांनी विचारले.

घड्याळ मनगटावर होते. "चाळीस मिनिटं."

"चार फुटाले?"

"चार फुटाले."

ते शेताकडे पाहत होते. आभाळ त्या दिवशीही कोरडे होते. मग ते म्हणाले, "थ्या साली पत्रे लावल्यावर पानी कवा आलं होतं? तुमी लिवलं असन."

मी लिहिले होते. वही पाहायची गरज नव्हती.

"अकरा दिवसांनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. श्वास पुरेपर्यंत बसून राहिले. मग उठण्यासाठी माझ्यापुढे हात केला आणि म्हणाले, "आकडी राहू द्या तुमच्यापाशी. माह्या घरी आता कोन ओढते?"

त्या हिवाळ्यात ते गेले. होळीला सव्वा महिना होता.

यालाही आता चार वर्षे झाली. आकडी खुंटीला आहे. भिंत अजून चांगली आहे, झडीचे पाणी आत येत नाही. काळ-काम-वेगाचा धडा दरवर्षी येतो, तेव्हा मी पुस्तकातले हौद आणि नळच फळ्यावर लिहितो. शाळेत जायच्या वाटेवर त्या सहा घरांपैकी चार घरे लागतात. उरलेली दोन वाटेत नाहीत, पण मोजणे चौथ्या घरावर थांबत नाही.